देवघरातील चांदी : मावळातील टाक आणि रशियातील ओक्लाद

मुळशी तालुक्यातील एखाद्या जुन्या घराचे देवघर पाहिले, मग ते घर पौडच्या पेठेतील असो वा ताम्हिणी घाटाच्या वाटेवरील वाडीतील, तर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि घंटा यांच्या मांडणीत चांदीच्या काही लहान पट्ट्या बहुधा आढळतात. दोन-तीन बोटे रुंद, काही सरळ चौकोनी तर काही माथ्याशी कमानदार, आणि पुढच्या बाजूस देवाची आकृती उठून आलेली अशा या पट्ट्यांना टाक म्हणतात. कुलदेवतेचे किंवा घराण्यातील पूर्वजाचे धातूच्या पत्र्यावर उठवलेले पूजनीय रूप म्हणजे टाक, अशी त्याची थोडक्यात व्याख्या करता येईल. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, मांढरदेवची काळुबाई, गावोगावचा भैरवनाथ ही दैवते आपापल्या ठाणी असतात. परंतु त्यांची रोजची पूजा घरी व्हावी म्हणून देवाने जे आटोपशीर रूप घेतले, ते टाकाचे होय.

चांदीच्या जुन्या कलावस्तूंचा विषय निघाला की जाणकारांच्या बोलण्यात रशियन दरबारातील मिन्याचे प्याले, फाबर्जेच्या कारखान्यातील वस्तू, लखनौची तबके किंवा कच्छची नक्षीदार सुरई येते; टाकाचे नाव सहसा कोणी घेत नाही. तो पूजेतील देव असल्यामुळे त्याच्याकडे कलावस्तू म्हणून पाहणे घरच्यांना रुचत नाही, आणि आकाराने लहान व बिननावाचा असल्यामुळे संग्राहकांचे त्याच्याकडे लक्ष उशिरा गेले. तरीही महाराष्ट्रातील चांदीकामाची खरी परंपरा कोठे टिकून राहिली, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर सरदारांच्या पानदानात किंवा साहेबांच्या चहाच्या संचात सापडत नाही, ते शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यातील या पट्टीत सापडते. जगातील दुसऱ्या कोणत्या चांदीकामाशी तिचे नाते जुळते, हे पाहू लागल्यास वाट थेट रशियापर्यंत जाते.

खंडोबाचा एखादा जुना टाक हातात घेऊन नीट पाहावा. मधोमध घोडा असतो, बहुधा एक पाय उचललेला. त्यावर खंडोबा बसलेला, हातात खंडा म्हणजे रुंद पात्याची तलवार, आणि त्याच्याबरोबर त्याच घोड्यावर म्हाळसा. घोड्याच्या पायांशी कुत्रा असतो, आणि खाली मणी-मल्ल या दैत्यांची मस्तके किंवा त्यांच्या पडलेल्या आकृती. वरच्या दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. एवढा सगळा प्रसंग आगपेटीपेक्षा थोड्याच मोठ्या जागेत बसवायचा असल्यामुळे कारागिराला प्रमाणाचा मोह सोडावा लागतो: देवाचे डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे होतात, घोडा आखूड होतो, खंडा मात्र लांब राहतो. जे ओळखण्यासाठी आवश्यक आहे ते मोठे करायचे आणि बाकीचे रेघांवर सोडायचे, ही या कलेची रीत आहे. देवीच्या टाकात आठ हात आणि पायाखालचा महिषासुर दिसतो. भैरवनाथ त्रिशूळ आणि डमरू यांवरून ओळखू येतो. वीराचा टाक म्हणजे लढाईत किंवा अपघाती मरण आलेल्या पूर्वजाचा टाक. त्यावर बहुतेक वेळा एकटा घोडेस्वार असतो, आणि शिमग्याला अशा वीरांना वाजतगाजत बाहेर काढण्याची प्रथा अनेक ठिकाणी अजून पाळली जाते.

टाकांची संख्या घरागणिक बदलते. भाऊ वेगळे झाले की वडिलार्जित टाक बहुधा थोरल्याकडे राहतात आणि धाकटे आपल्या देव्हाऱ्यासाठी नवे घडवून घेतात. नवे टाक कुलदेवतेच्या ठाणी नेऊन देवाच्या भेटीस लावल्याखेरीज त्यांची पूजा सुरू होत नाही. देव घडवणाऱ्या सोनाराच्या कामाला त्यामुळे घराच्या वाटणीची आणि विस्ताराची जोड मिळाली. मुळशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नीला आणि मुळा या नद्यांवरील धरणासाठी टाटा कंपनीने जमिनी घेण्यास सुरुवात केली, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला, सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले, आणि तो लढा १९२४ पर्यंत चालूनही अखेरीस गावे पाण्याखाली गेलीच. गावचे देऊळ उचलून नेता येत नाही. टाक मात्र फडक्यात बांधून नेता येतो. ज्यांना आपले गाव सोडावे लागते त्यांच्या हातून देव सुटू नये, एवढी सोय या दोन तोळ्यांच्या वस्तूत आहे, आणि तिचे मोल कलेच्या मापाने करता येत नाही.

आता घडणीकडे वळता येईल. चांदी ९६१ अंश सेल्सिअसच्या थोड्या वर वितळते. सोनार ती मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या लहान भांड्यात, वितळवतो, तीत सवागी अथवा टाकणखार टाकून मळ वर आणतो, आणि रस साच्यात ओतून त्याची लगड करतो. ही लगड ऐरणीवर ठोकून पातळ करायची असते. परंतु चांदी ठोकता ठोकता कडक होत जाते, कारण तिच्या आतील स्फटिकांची रचना हातोडीखाली विस्कटते, आणि तसेच ठोकत राहिल्यास पत्र्याला कडेने चिरा पडतात. म्हणून पत्रा मध्येच बागेसरीवर, म्हणजे सोनाराच्या कोळशाच्या शेगडीवर, तापवून पुन्हा नरम करावा लागतो. तो मंद लालसर दिसू लागला की पुरे. उजेडात हा रंग नीट कळत नाही, म्हणून सोनाराची बैठक दुकानाच्या अंधाऱ्या भागात असण्यास कारण आहे. एक तोळा चांदी, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, ०.३ मिलिमीटर जाडीपर्यंत पसरवली तर तिचा जवळपास ३७ चौरस सेंटिमीटर पत्रा होतो, म्हणजे बाजूला सहा सेंटिमीटर असलेला चौकोन. एका टाकाला तोळाभर चांदी पुरते ती या हिशेबाने.

आकृती उठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली राळेवरची. राळ, विटेची बारीक पूड आणि थोडे तेल एकत्र करून केलेला लगदा तापवला की मऊ होतो आणि निवाला की घट्ट, पण हातोडीचा मार झेलण्याइतका लवचीक राहतो. या लगद्यावर पत्रा पालथा चिकटवून मागच्या बाजूने बोथट टोकाच्या खिळ्यांनी आकृती फुगवतात. मग पत्रा सोडवून, स्वच्छ करून, सुलटा चिकटवतात आणि पुढून बारीक खिळ्यांनी नाक, डोळे, घोड्याची आयाळ आणि दागिन्यांचे मणी रेखतात. मागून फुगवणे आणि पुढून दाबणे या दोन्ही क्रिया आलटून पालटून चालतात. यात चांदी कोरून काढली जात नाही, तिचा कणही वाया जात नाही. ती फक्त जागा बदलते. उठावाचे काम ते हेच.

दुसरी रीत ठशाची. ठसा म्हणजे काशाचा किंवा पितळेचा ओतीव ठोकळा, ज्यावर देवाची पूर्ण आकृती आधीच घडवलेली असते. त्यावर नरम केलेला चांदीचा पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशासारख्या मऊ धातूचा थर ठेवायचा आणि वरून हातोडीने ठोकायचे. शिसे चांदीला खाचाखोचांत दाबते आणि स्वतः मऊ असल्यामुळे तिला फाडत नाही. ठशावर उठलेला टाक नंतर खिळ्यांनी पुन्हा हातावर साफ केला जातो, म्हणून एकाच ठशातील दोन टाकही हुबेहूब सारखे नसतात. ठसे बापाकडून मुलाकडे येत. एका ठशावर किती देव घडले असतील याची नोंद कोणी ठेवली नाही, पण ज्या घराण्याकडे चांगला ठसा असे त्याच्याकडे दूरची गिऱ्हाइके येत, कारण लोकांना आपला देव आजोबांच्या देवासारखा दिसायला हवा असे.

आकृती तयार झाली की तिच्या पाठीची पोकळी लाखेने किंवा राळेने भरतात, मागे तांब्याचा पत्रा बसवतात आणि चांदीच्या कडा त्यावर मुडपतात किंवा डाख देऊन जोडतात. डाख म्हणजे सांधा जोडणारा, मूळ चांदीपेक्षा कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू. पोकळी भरली नसती तर रोजच्या अभिषेकात आणि घासण्यात हा पातळ उठाव वर्षभरात चेपला असता. पाठीवरचे तांबे टाकाला वजन देते, उभे राहण्याचे बळ देते, आणि सामान्य कुटुंबाला थोड्या चांदीत देव घडवणे शक्य करते.

ठशाच्या या दुसऱ्या रीतीला रशियन भाषेत बास्मा हे नाव आहे. तो शब्द दाबणे, छाप उमटवणे या अर्थाच्या तुर्की धातूपासून आलेला आहे. रशियन कारागीरही ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीचा चांदीचा पत्रा धातूच्या उठावदार ठशावर ठेवतो, त्यावर शिशाचा थर अंथरतो आणि हातोडीने ठोकतो. पौडच्या देव्हाऱ्यातील भैरवनाथ आणि मॉस्कोकडील जुन्या चर्चमधील वेलबुट्टी यांच्या घडणीत हत्यारांच्या आकाराखेरीज फारसा फरक दाखवता येत नाही. एकाने दुसऱ्याचे पाहून हे शिकल्याचा पुरावा नाही आणि तसा शोधण्याचीही गरज नाही. चांदी महाग असली, ती पातळच वापरायची असली आणि देव मात्र ठसठशीत दिसायला हवा असला, की हातोडी, शिसे आणि ठसा यांची वाट दोन्हीकडच्या कारागिरांना आपसूक सापडते.

बास्माचा मुख्य उपयोग झाला तो ओक्लादसाठी. रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत लाकडी फळीवर रंगवलेल्या संतांच्या, येशूच्या आणि मरियेच्या चित्राला आयकॉन म्हणतात. त्या चित्राभोवती किंवा चित्रावर चांदीचे आवरण चढवले जाई. चौकट आणि पार्श्वभूमी झाकणारे ते ओक्लाद, आणि केवळ चेहरा व हात उघडे ठेवून अंगावरील वस्त्रासकट सारे चित्र झाकणारे ते रीझा. रीझा या शब्दाचा अर्थच धर्मगुरूचे वस्त्र असा आहे. मूर्तीला चांदीचा मुखवटा, प्रभावळ किंवा कवच चढवणाऱ्या मराठी भाविकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. रशियन शेतकऱ्याच्या घरात आयकॉन ठेवण्याचा एक ठरावीक कोपरा असे, त्याला क्रास्नी उगोल म्हणत. आजच्या रशियन भाषेत याचा अर्थ लाल कोपरा असा होत असला, तरी क्रास्नी या शब्दाचा जुना अर्थ सुंदर असा आहे. त्या कोपऱ्यात आयकॉनपुढे लहान दिवा तेवत राही आणि घरात येणारा माणूस आधी तिकडे वळून नमस्कार करी. फरक एवढाच की तिथे चांदी ही देवाच्या चित्राचे वस्त्र होती, आणि इथे चांदी हाच देव झाला. म्हणूनच मराठी सोनाराला चेहरा सोडून देता आला नाही. सगळ्यांत अवघड भाग, डोळे आणि ओठ, त्याला त्याच पत्र्यात उठवावा लागला.

रशियन चांदीची ख्याती अर्थातच ओक्लादपुरती नाही. कोव्श नावाचे, पोहणाऱ्या पक्ष्याच्या आकाराचे दांडीचे पेयपात्र, चहाच्या काचेच्या पेल्यासाठी केलेले पोदस्ताकान्निक नावाचे नक्षीदार धारक, बारीक तारेची जाळी वळवून तिच्या खणांत रंगीत मिना भरलेले डबे, हे त्या परंपरेतील प्रसिद्ध प्रकार होत. मॉस्कोत पावेल ओवचिन्निकोव्ह आणि इवान ख्लेब्निकोव्ह यांच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिनाकामाला नवे तेज दिले; सेंट पीटर्सबर्गमध्ये १८४२ साली सुरू झालेली फाबर्जेची पेढी १८७२ पासून कार्ल फाबर्जे यांच्या हाती आली आणि राजघराण्याच्या आश्रयाने जगप्रसिद्ध झाली. उत्तरेकडील वेलिकी उस्त्यूग या गावचे काम वेगळे. तिथे चांदीवर कोरलेल्या रेघांत चांदी, तांबे, शिसे आणि गंधक यांचे काळे मिश्रण वितळवून भरतात आणि पृष्ठभाग घासून सपाट करतात, की पांढऱ्या चांदीवर शाईने काढल्यासारखे काळे चित्र उमटते. मराठी मुलखाला लागून असलेल्या बीदरमध्ये याच्या नेमके उलट घडते: जस्तप्रधान मिश्रधातूचे भांडे किल्ल्यातील मातीच्या लेपाने काळे करतात आणि त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार व पत्रे पांढरे राहून चमकतात. एकीकडे चांदीच्या जमिनीवर काळी रेघ, दुसरीकडे काळ्या जमिनीवर चांदीची रेघ.

या दोन जगांना जोडणारा एक माणूस इतिहासात होऊन गेला आणि तो पुणे जिल्ह्यात राहूनही गेला. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांच्या संधिकाळात समुद्रमार्गे चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला, पावसाळाभर तिथे अडकून पडला आणि मग बहामनी राजधानी बीदरला गेला. तीन समुद्रांपलीकडील प्रवासाच्या त्याच्या वृत्तांतात बीदरचे उमराव चांदीच्या पालख्यांतून मिरवत असल्याचे वर्णन आहे. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक आज उभे आहे. आयकॉनच्या देशातून आलेल्या या प्रवाशाच्या नजरेत भरली ती सरदारांची चांदी. शेतकऱ्यांच्या घरातील लहानसहान देव परक्याला दिसण्याचे कारण नव्हते.

चांदीच्या कसाच्या, म्हणजे शुद्धतेच्या बाबतीत मात्र रशियाने जे केले ते इथे झाले नाही. पीटर पहिला याने १७०० साली हुकूम काढून चांदीचे कस ठरवून दिले आणि तपासणीची राजमुद्रा सक्तीची केली. पुढे जुन्या रशियन चांदीवर सर्वांत जास्त आढळणारा आकडा ८४ हा झाला, आणि तो पाहून अनेकांचा गोंधळ होतो. रशियन पौंडात ९६ झोलोत्निक असत. त्यांतील ८४ भाग शुद्ध चांदी, म्हणजे हजारात ८७५, असा त्या आकड्याचा अर्थ. ८८ चा आकडा असेल तर हजारात सुमारे ९१६. योगायोग असा की मराठी तोळ्याचेही ९६ च भाग होतात: तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. आणखी पाहायचे तर १८३५ पासून १९४० पर्यंत चाललेला चांदीचा रुपया वजनाने नेमका एक तोळा होता आणि त्यातील चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे रशियन मापाने बरोबर ८८. खेड्यातील कुटुंबाजवळ चांदी असे ती बहुधा राणीछाप रुपयांच्या रूपात. सोनाराला हे रुपये मोजून दिले की वजन आणि कस या दोन्हींबद्दल वाद उरत नसे. टाकावर कोणतीही मुद्रा नसताना पिढ्यान् पिढ्या व्यवहार चालला, त्यामागे रुपयाची ही हमी होती. भारतात चांदीला हॉलमार्क मिळू लागला तो २००५ पासून, आणि तोही ऐच्छिक. त्यामुळे रशियन भांड्यावरील शिक्क्यांवरून शहर, तपासनीस आणि कारखाना शोधता येतो. १८९९ पासून तर कोकोश्निक नावाचे शिरोभूषण घातलेल्या स्त्रीच्या मुखाची मुद्रा पाहताच काळ कळतो. टाकाचा काळ मात्र घोड्याच्या खोगिरावरून, पगडीच्या घाटावरून आणि झिजेवरूनच अंदाजाने ठरवावा लागतो.

पुण्याला चांदीच्या शोभेच्या भांड्यांची परंपरा नव्हती असे नाही. पेशवाईत ताम्हण, पळी-पंचपात्री, समया, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या आणि पानदाने यांना मागणी होती, आणि पुढे कँपातील इंग्रज अधिकाऱ्यांमुळे चहाचे संच, दुधाच्या बुधल्या आणि फुलदाण्या घडू लागल्या. जाणकार ज्याला पुण्याचे काम म्हणतात त्याची खूण म्हणजे उंच उठाव आणि देवदेवतांची दाटी: चहाच्या किटलीभोवती दशावतार, झाकणावर नाग. हीराप्पा बुचेना या पुण्याच्या कारागिराच्या नावाची भांडी आजही संग्राहकांत ओळखली जातात. हे काम हाताने निःसंशय कुशल आहे. परंतु किटलीच्या फुगीर पोटावर विष्णूला बसवताना कारागिराची ओढाताण झालेली दिसते, कारण आकृती जिथे असायला हवी तिथे ती नाही, आणि ती का आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक नाही. हाच उठाव, हीच राळ आणि हेच खिळे टाकात निवांत होतात. साहेब गेले तशी ही भांडी घडणेही थांबले. टाक घडणे थांबलेले नाही.

असे असूनही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे चांगले टाक दुर्मीळ होत चालले आहेत, याचे कारण त्यांच्या पूजेतच आहे. रोज स्नान, रोज पुसणे, सणाला चिंच किंवा राख लावून घासणे, यांमुळे आधी देवाचे नाक जाते, मग डोळे, आणि अखेरीस घोडा व स्वार यांची एक गुळगुळीत टेकडी उरते. नाकडोळे झिजलेला देव पूजेत ठेवू नये, या समजुतीने असा टाक नदीत सोडतात किंवा सोनाराकडे मोडीत देऊन त्याच चांदीत नवा घडवून घेतात. मोड म्हणजे वितळवण्यासाठी दिलेली जुनी वस्तू. श्रद्धेच्या बाजूने यात काही चूक नाही, देव त्याच चांदीत पुन्हा उभा राहतो. पण ज्या हाताने तो पहिला घोडा उठवला त्या हाताची शेवटची खूण मुशीत संपते. रशियात फेब्रुवारी १९२२ मध्ये नव्या राजवटीने चर्चमधील मौल्यवान धातू जप्त करण्याचा हुकूम काढला आणि असंख्य ओक्लाद वितळवले गेले. तो सत्तेने केलेला घाव होता, म्हणून त्याची नोंद झाली. आपल्याकडे तेवढेच नुकसान एकेका घरात, सणाच्या आधी, चांगल्या हेतूने होत असते आणि त्याची नोंद होत नाही. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ दिनकर केळकर यांनी उभारलेला, १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केलेला संग्रह घरगुती वस्तूंतील कला कशी जपावी याचा धडाच आहे. परंतु प्रत्येक घरचा देव संग्रहालयात नेऊन ठेवता येत नाही, आणि नेऊही नये.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या वायूमुळे. पृष्ठभागावर चांदीच्या सल्फाइडचा पातळ थर येतो. घासून तो काढला की त्याबरोबर थोडी चांदीही जाते, म्हणून घासणे जितके कमी तितका टाक टिकाऊ. रिठ्याचे पाणी आणि मऊ सुती कापड एवढ्याने रोजचे काम भागते. राख, वाळू, भांडी घासण्याची भुकटी आणि तारेची घासणी टाकाला कधीही लावू नये. गरम पाण्यातही तो घालू नये, कारण पाठीतील लाख मऊ होऊन उठावाचा आधार सुटतो. खाचांत राहिलेला काळेपणा मुद्दाम काढण्याची गरज नसते, उलट त्यामुळेच डोळे आणि दागिने स्पष्ट दिसतात.

मुळशीतील जमिनींचे व्यवहार वाढले, हिंजवडी, पिरंगुट, बावधन या भागांत जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, एका घराची चार घरे झाली, आणि त्या प्रत्येक घराला नवे टाक लागतात. जुने टाक मोडीत जाण्याचा वेगही त्यामुळे वाढतो. ज्या घरात असे टाक असतील त्यांनी ते मोडीत देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे: पुढून आणि मागून, तिरप्या उजेडात, छायाचित्र घ्यावे, वजन लिहून ठेवावे, कोणता टाक कोणत्या देवाचा अथवा कोणत्या पूर्वजाचा हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली नोंदवावे, आणि तो टाक कोठे घडवला होता हे कोणाला आठवत असल्यास त्या गावाचे नावही लिहावे. सोनाराच्या पेटीत जुना ठसा पडून असेल तर तो पितळेच्या भावाने भंगारात जाऊ देऊ नये.